कार्डावरचे दोन टक्के: घ्यायचे तर पावतीवर लिहा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली किंवा लगीनसराई सुरू झाली की जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. दागिना काट्यावर जातो, त्या दिवसाचा भाव लागतो, घडणावळ ठरते, जुन्या सोन्याची मोड वजा होते, जीएसटी मिळवला जातो आणि आकडा पक्का होतो. ग्राहकाने क्रेडिट कार्ड पुढे केले की मात्र हा पक्का आकडा पुन्हा हलतो: "कार्ड असेल तर दोन टक्के वर लागतील." धुळ्यात आग्रा रोडवर लग्नाचा बस्ता बांधताना, मोबाइल घेताना, फ्रीज घेताना हेच ऐकावे लागते, देशातल्या बहुतेक बाजारपेठांत ऐकावे लागते. ग्राहक म्हणतो, ही लूट आहे. दुकानदार म्हणतो, बँक कापते ते मी कुठून भरू? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे काउंटरपाशीच अडून राहिला आहे. माझे म्हणणे असे की, कार्डाचा खर्च खरा आहे आणि तो कार्ड वापरणाऱ्याने सोसणे न्याय्यही आहे. पण आज तो ज्या रीतीने वसूल होतो, म्हणजे तोंडी, सरसकट आणि पावतीबाहेर, ती रीत ग्राहकाला नाडते आणि सचोटीच्या दुकानदारालाही मागे पाडते.

हे दोन टक्के जातात कुठे, ते आधी पाहू. ग्राहकाने दहा हजार रुपयांच्या खरेदीसाठी क्रेडिट कार्ड स्वाइप केले तर दुकानदाराच्या खात्यात दहा हजार जमा होत नाहीत. मशीन देणारी बँक त्यातून एमडीआर, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट, कापून घेते. हा दर दोन टक्के धरला तर २०० रुपये गेले. त्या २०० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३६. हातात आले ९,७६४. कापलेल्या रकमेतला मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, काही भाग व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या जाळ्याकडे आणि उरलेला मशीनवाल्या बँकेकडे. कार्डधारकाला महिना-दीड महिना बिनव्याजी उधारी मिळते, रिवॉर्ड पॉइंट मिळतात, कॅशबॅक मिळतो, विमानतळावर बसायला लाउंज मिळते. या सगळ्याचा बराचसा खर्च याच वाट्यातून भागतो. दुकानदार नियमित जीएसटी भरणारा असेल तर ३६ रुपयांची वजावट त्याला मिळू शकते. कंपोझिशन योजनेतल्या लहान व्यापाऱ्याला तीही मिळत नाही, त्याला पूर्ण २३६ रुपयांचा चट्टा बसतो. ज्या धंद्यात नफाच चार-पाच टक्क्यांचा, तिथे ही रक्कम किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. खर्च काल्पनिक आहे, असे म्हणणाऱ्या ग्राहकाने एवढा हिशेब मान्य करायला हवा.

मात्र प्रत्येक कार्डाचा खर्च सारखा नसतो, आणि इथूनच दुकानदाराची बाजू लंगडी होऊ लागते. डेबिट कार्डात पैसे ग्राहकाच्या खात्यातून लगेच वळते होतात, बँकेला उधारी द्यावी लागत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने त्यावरच्या शुल्काला मर्यादा घातली आहे. डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकानुसार १ जानेवारी २०१८ पासून वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला मशीनवरच्या डेबिट व्यवहारासाठी जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि तेही २०० रुपयांच्या आत, तर मोठ्या दुकानदाराला ०.९० टक्के आणि तेही १,००० रुपयांच्या आत शुल्क लागू शकते. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचा एमडीआर शून्य झाला. क्रेडिट कार्डाच्या दराला मात्र अशी मर्यादा नाही. तो बँक आणि दुकानदार यांच्यातल्या करारावर ठरतो. ग्राहकाकडून वेगळे पैसे घेण्याबाबतही असाच फरक दिसतो. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्यावर दुकानदाराने टक्केवारी लावणे समर्थनीय नाही, ते बँकेशी झालेल्या कराराच्याही विरुद्ध आहे, आणि असे करणाऱ्या दुकानाशी बँकेने संबंध तोडावेत. २०१७ च्या परिपत्रकातही डेबिट कार्डाचा बोजा ग्राहकावर ढकलला जाऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी बँकांवर टाकली. क्रेडिट कार्डाबाबतची मनाई मुख्यतः कार्ड कंपन्यांच्या नियमांतून आणि मशीन घेताना दुकानदार ज्या करारावर सही करतो त्यातून येते. म्हणजे कागदावर दोन्हींवर बंदी आहे आणि बाजारात दोन्हींवर वसुली होते.

आता बंदी कसोशीने पाळली गेली तर काय होईल? दुकानदार पदरमोड करत राहणार नाही. तो वर्षभराच्या कार्ड व्यवहारांचा अंदाज घेईल आणि तेवढी रक्कम मालाच्या किमतीत किंवा घडणावळीत मिसळून टाकेल. मग कार्डवाला आणि रोखवाला दोघेही एकच भाव मोजतील. पॉइंट मात्र एकालाच मिळतील. अमेरिकेतल्या बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये याचे मोजमाप केले. त्यांच्या हिशेबाने रोखीने खरेदी करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्या कुटुंबांकडे सरकवते आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात १,१३३ डॉलर पडतात. आकडे त्यांच्या देशाचे आहेत, पण यंत्रणा तीच आहे, आणि आपल्याकडे कार्डाबाहेर राहिलेल्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. भारतात वापरातल्या क्रेडिट कार्डांनी दहा कोटींचा टप्पा २०२४ च्या सुरुवातीला ओलांडला; एकेका माणसाकडे दोन-तीन कार्डे असतात हे धरले तर १४० कोटींच्या देशात कार्डधारक थोडेच उरतात. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत राबणारा मजूर, कापूस विकून लेकीच्या लग्नासाठी दोन तोळे घेणारा शिरपूर-चोपड्याचा शेतकरी यांतल्या बहुतेकांकडे क्रेडिट कार्ड नसते, कारण ते मिळायला पगाराची स्लिप किंवा विवरणपत्रे लागतात. कार्डाचा खर्च भावात मुरवला की पगारदार ग्राहकाच्या विमानतळावरच्या चहाचे पैसे हा शेतकरी भरतो, आणि आपण ते भरतो आहोत हे त्याला कधीच कळत नाही.

मधल्याचा मेहनताना कुणी भरायचा, हा प्रश्न खान्देशाला नवा नाही. बाजार समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून वर्षानुवर्षे आडत कापली गेली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला नियमनमुक्त करताना ही आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी, असे ठरवले. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. तेव्हा एक शंका सर्वत्र बोलली गेली: खरेदीदार आडत देईल, पण तेवढा भाव पाडून घेईल, मग शेतकऱ्याला काय मिळाले? शंका बिनबुडाची नव्हती. खर्च कागदावर कुणाच्या नावावर टाकला यावरून तो शेवटी कुणाच्या खिशातून जातो हे ठरत नाही. ते बाजारातल्या ताकदीवर ठरते. तरीही पट्टीवर आडत वेगळी लिहिलेली असण्याला मोल होते. ती लिहिलेली होती म्हणून शेतकरी तिच्याविरुद्ध बोलू शकला, संघटना मागणी करू शकल्या, सरकारला निर्णय घ्यावा लागला. भावात मुरलेल्या खर्चाविरुद्ध असे काहीच करता येत नाही. कार्डाच्या शुल्कालाही हेच लागू पडते. ते दिसले तर ग्राहक विचारील की दीड टक्क्याचे कार्ड वापरू की फुकटचे यूपीआय, आणि असे विचारणारे वाढले की बँकांना दर कमी करावे लागतील.

कार्ड कंपन्यांना हे चांगले ठाऊक आहे. रोखीने पैसे देणाऱ्याला दोन टक्के सूट आणि कार्डाने देणाऱ्याला दोन टक्के जादा, यांत पैशांचा फरक जवळजवळ शून्य. पण माणसाच्या मनाला हुकलेल्या सवलतीपेक्षा वरून लागलेला भुर्दंड जास्त बोचतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच उदाहरण दिले होते: किमतीत फरक करायचाच असेल तर त्याला ‘रोखीची सवलत’ म्हणा, ‘कार्डाचा अधिभार’ म्हणू नका, असा कार्ड उद्योगाचा आग्रह असे. कार्डावरच्या अधिभाराला बंदी ग्राहकाच्या हितासाठी आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती बंदी कार्डाचा खर्च कार्डधारकाच्या नजरेआड ठेवते, आणि तो नजरेआड राहण्यात सर्वांत मोठा लाभ कार्ड विकणाऱ्यांचा आहे.

याचा अर्थ आजची दोन टक्क्यांची प्रथा योग्य आहे असा मुळीच नाही. एक उदाहरण तपशिलात पाहू. प्राप्तिकर कायद्यानुसार एप्रिल २०१७ पासून एका दिवसात एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. म्हणजे दोन लाखांचा हार घेणाऱ्याला धनादेश, बँकेतून थेट वर्ग किंवा कार्ड यांकडेच वळावे लागते. समजा त्याने डेबिट कार्ड दिले आणि दुकानाने नेहमीप्रमाणे दोन टक्के लावले, तर ग्राहकाच्या खात्यातून २,०४,००० गेले. कार्ड व्हिसाचे असेल तर दुकानाला बँकेचे शुल्क जास्तीत जास्त १,००० रुपये, त्यावरच्या जीएसटीची वजावट मिळणार; उरलेले ३,००० दुकानाचे. कार्ड रुपेचे असेल तर शुल्क शून्य आणि पूर्ण ४,००० दुकानाचे. क्रेडिट कार्डातही असेच घडू शकते. ज्या दुकानाचा करार दीड टक्क्याचा आहे त्याने दहा हजारांवर दोन टक्के घेतले तर १५३ रुपये बँकेला जातात आणि ४७ गल्ल्यात राहतात. ‘बँक कापते’ हे वाक्य इथे खोटे पडते, कारण बँक कापते त्याहून जास्त घेतले जाते. कोणते कार्ड, कोणता दर, हे ग्राहकाला माहीत नसते आणि सांगितले जात नाही.

त्याहून गंभीर गोष्ट पावतीची. बिल पन्नास हजारांचे आणि स्वाइप एक्कावन्न हजारांचे, अशी तफावत पडली की ते एक हजार रुपये कुठल्याच कागदावर नसतात. माल परत करायची वेळ आली तर परतावा बिलाप्रमाणे मिळतो. व्यवहारावर बँकेकडे तक्रार करायची तर हातातली पावती वेगळाच आकडा सांगते. जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार विक्रेता ग्राहकाकडून जे अनुषंगिक शुल्क घेतो ते मालाच्या मूल्यात धरायचे असते. पावतीबाहेर घेतलेले दोन टक्के त्यातून निसटतात. जो दुकानदार हे पैसे घेत नाही किंवा प्रामाणिकपणे बिलात दाखवतो, त्याचा भाव शेजारच्यापेक्षा महाग दिसतो. अशा रीतीने बाजारच सचोटीला दंड करू लागतो.

उघडपणे शुल्क घेण्याची उदाहरणे आपल्या आसपासच आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे महावितरणच्या जळगाव परिमंडलात येतात. महावितरणचे वीजबिल ऑनलाइन भरताना क्रेडिट कार्ड सोडून बाकीचे पर्याय निःशुल्क ठेवले आहेत, आणि डिजिटल भरण्याला पाव टक्का सवलतही जाहीर केली आहे. क्रेडिट कार्डाचा खर्च सर्व वीजग्राहकांच्या दरात मिसळण्याऐवजी तो वापरणाऱ्याकडे ठेवला, आधी सांगितला आणि स्वस्त वाट शेजारीच मोकळी ठेवली. दुसरे उदाहरण खुद्द सराफ बाजारातले आहे. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असलेलाच हॉलमार्क चालतो. हॉलमार्कचे शुल्क दागिन्याच्या नगामागे ठरलेले असते, ते सोन्याच्या भावात लपवायचे नसते. बिलात वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा दाखवायचा असतो. त्या शुल्काबद्दल सराफ बाजारात भांडणे होत नाहीत, कारण रक्कम ठरलेली आहे, कशासाठी आहे ते माहीत आहे आणि ती लिहिलेली आहे. ज्या शहराने शुद्धतेच्या भरवशावर ‘सुवर्णनगरी’ हे नाव कमावले, त्याला कार्डाचा हिशेब अशाच रकान्यात लिहिणे जड जाऊ नये.

यावर पहिला आक्षेप असा की कार्डामुळे दुकानदाराचाही फायदा होतो. खिशात नसलेले पैसे ग्राहक खर्च करतो, नोटा मोजणे, सांभाळणे, बँकेत नेणे वाचते, नकली नोटेची भीती राहत नाही. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच दुकानदाराला बँकेच्या शुल्काहून एक पैसाही जास्त घेण्याचा अधिकार असू नये. पण याच सोयी यूपीआयमध्ये जवळजवळ सगळ्या मिळतात आणि त्यावर एमडीआर नाही. त्या ‘फुकट’ सोयीचाही खर्च कुणीतरी भरतेच: लहान दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांसाठी बँकांना प्रोत्साहन म्हणून केंद्राने २०२४-२५ साठी सुमारे १,५०० कोटींची योजना मंजूर केली. सर्वांनी वापरायच्या साधनाचा खर्च सरकारी तिजोरीने उचलणे समजण्यासारखे आहे. मोजक्यांना मिळणाऱ्या उधारीचा आणि बक्षिसांचा खर्च मात्र सर्वांवर का पडावा, याचे उत्तर या आक्षेपात सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युरोपने १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या सर्वसाधारण कार्डांवर असा अधिभार घेण्याला बंदी घातली, आपणही तेच का करू नये? युरोपने आधी काय केले ते पाहायला हवे. २०१५ च्या नियमाने तिथे कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्क्यांवर आणला. शुल्क आधी नखाएवढे केले आणि मग ते वेगळे घ्यायला मनाई केली. ऑस्ट्रेलियाने उलटी वाट धरली. तिथे २००३ पासून अधिभाराला मोकळीक मिळाली, काही धंद्यांनी खर्चाहून जास्त उकळायला सुरुवात केली, तेव्हा २०१६ मध्ये खऱ्या खर्चाची मर्यादा कायद्याने घातली. जुलै २०२५ मध्ये तर तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांचा वाटा आणखी खाली आणून अधिभारच बंद करावा, असा प्रस्ताव मांडला. दोन्ही अनुभव एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: खर्च मोठा असेल तोवर तो दिसला पाहिजे आणि मर्यादेत राहिला पाहिजे, खर्च क्षुल्लक झाला की वेगळा घेण्याची गरज संपते. भारतात क्रेडिट कार्डाचा दर ना बांधलेला आहे ना क्षुल्लक झालेला आहे. पहिली पायरी वगळून बंदीची दुसरी पायरी चढल्यानेच आपल्याकडे नियम कागदावर आणि वसुली काउंटरवर राहिली.

तिसरी भीती अशी की शुल्क उघडपणे लावले तर लोक पुन्हा रोखीकडे आणि विनापावती व्यवहाराकडे वळतील. दहा वर्षांपूर्वी ही भीती रास्त होती. आज भाजीच्या हातगाडीवरही क्यूआर कोड चिकटवलेला असतो. क्रेडिट कार्ड महाग वाटले तर ग्राहकाला रोखीखेरीज दुसरी वाट आहे. खरे पाहता रोखीकडे ढकलणारी रीत आजचीच आहे, कारण ‘कार्डावर दोन टक्के’ पाठोपाठ ‘कॅश दिली तर बघू’ हे वाक्य येते आणि त्यात पुष्कळदा बिलही गळते. डेबिट कार्ड आणि यूपीआयवर काहीच लागणार नाही, अशी पाटी दुकानात असेल तर हे दुसरे वाक्य बोलायला जागाच उरत नाही.

तेव्हा करायला हवे ते असे. रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला, निदान लहान दुकानदारांपुरती, डेबिटसारखी मर्यादा घालावी. तोवर क्रेडिट कार्डावर प्रत्यक्ष खर्चाएवढे शुल्क घ्यायला रीतसर परवानगी असावी, पण भाव ठरवण्याआधी दिसेल अशा मराठी पाटीवर दर लिहिलेला असावा आणि बिलात ते वेगळ्या ओळीत यावे. डेबिट कार्ड आणि यूपीआयवर एक रुपयाही घेतला जाऊ नये, आणि घेतला तर बँकांनी मशीन काढून घेण्याचा २०१३ पासून सांगितलेला उपाय खरोखर वापरावा. यातले काही करायला दिल्ली-मुंबईची वाट पाहायची गरज नाही. जळगाव आणि धुळ्याच्या व्यापारी संघटना डेबिट-यूपीआय निःशुल्कची पाटी उद्यापासून लावू शकतात. ग्राहकही दोन साधे प्रश्न विचारू शकतो: हे शुल्क माझ्या कार्डाला लागू आहे का, आणि ते बिलात लिहून देता का? बिल देण्याचेच नाकारले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती अनुचित व्यापार प्रथा ठरते. १९१५ क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि दोन्ही जिल्ह्यांतले ग्राहक आयोग त्यासाठी आहेत. जो दुकानदार दुसऱ्या प्रश्नाला हो म्हणेल, त्याला त्याचे शुल्क बिनतक्रार द्यावे. जो लिहून देणार नाही, त्याला ते मागण्याचा हक्क नाही.